डीआय हर्क्युलिसचा न जुळणारा हिशेब

शौरी तारकासमूहात डीआय हर्क्युलिस नावाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण लहानशा दुर्बिणीतून सहज सापडतो. त्याच्यावर सलग नजर ठेवली की त्याचा विचित्र ताल लक्षात येतो. तारा काही तास मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. मग आठ दिवस काहीच घडत नाही. त्यानंतर तो पुन्हा मंदावतो, पण या वेळी पुढची मंदी अडीच दिवसांतच येते. परत आठ दिवस शांतता, परत अडीच दिवस.

तिथे खरे तर दोन तारे आहेत. ते एकमेकांभोवती फिरतात आणि आपल्या दृष्टिरेषेत आळीपाळीने एकमेकांना झाकतात. एक पूर्ण फेरी १०.५५ दिवसांची. एक तारा सूर्याच्या पाचपट वस्तुमानाचा, दुसरा साडेचारपट. दोघेही तरुण, निळसर-पांढरे आणि अतितप्त. त्यांच्यातले सरासरी अंतर सुमारे तीन कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यातल्या अंतराच्या जेमतेम निम्मे. कक्षा मात्र चांगलीच लांबट आहे. सर्वांत जवळ येतात तेव्हा दोघांत दीड कोटी किलोमीटर अंतर उरते, दूर जातात तेव्हा साडेचार कोटी. जवळ आले की ते वेगाने वळतात, दूर गेले की रेंगाळतात. आठ आणि अडीच दिवसांचा तो विषम ताल या लांबट कक्षेतून येतो.

जवळजवळ पाव शतक या ताऱ्याने खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली. प्रश्न साध्या भाषेत मांडता येतो: लांबट कक्षा स्वतःही हळूहळू वळत असते, आणि डीआय हर्क्युलिसची कक्षा वळायला हवी त्यापेक्षा फारच सावकाश वळत होती.

टेबलावर लंबगोल थाळी ठेवून ती अगदी हळूहळू फिरवत जावी, तसे दोन ताऱ्यांच्या कक्षेचे होते. सर्वांत जवळ येण्याचा बिंदू फेरीगणिक किंचित पुढे सरकतो. आपल्या बुधाचाही असा बिंदू सरकतो. त्यातला शतकाला ४३ विकलांचा भाग न्यूटनच्या नियमांना सुटत नव्हता. १९१५च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने तो व्यापक सापेक्षतेतून काढून दाखवला. डीआय हर्क्युलिसमध्ये सापेक्षतेचा हाच परिणाम बुधाच्या जवळजवळ दोनशेपट होतो: शतकाला २.३४ अंश.

ताऱ्यांच्या जोडीत आणखी दोन कारणांची भर पडते, कारण तारे म्हणजे कठीण गोळे नव्हेत. सोबत्याच्या ओढीने ताऱ्याच्या अंगावर भरती येते. जी बाजू सोबत्याच्या जवळ असते तिला जास्त ओढ बसते, जी लांब असते तिला कमी, आणि गोल तारा दोन्ही टोकांना फुगतो. ओढीतला हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. डीआय हर्क्युलिसमध्ये अंतर जवळजवळ तिपटीने कमीजास्त होते, म्हणजे सर्वांत दूर असतानाच्या तुलनेत सर्वांत जवळ असताना भरतीचा जोर पंचवीसपटीच्या आसपास पोहोचतो. आणि हे दर साडेदहा दिवसांनी. दुसरे कारण स्वतःभोवतीच्या फिरण्याचे. वेगाने फिरणारा तारा विषुववृत्तावर फुगतो आणि ध्रुवांकडे चपटतो. फुगलेल्या ताऱ्याचे गुरुत्व पूर्ण गोलासारखे राहत नाही, आणि या किंचित फरकाने कक्षेला वळण मिळत जाते.

मला या साऱ्यात सर्वांत सुंदर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. १९२८ मध्ये प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांनी दाखवून दिले की कक्षेच्या या वळण्यातून ताऱ्याच्या पोटातले कळते. ताऱ्याचे वस्तुमान गाभ्यात जितके एकवटलेले, तितका बाहेरचा फुगलेला भाग विरळ आणि त्याचा परिणाम क्षीण. म्हणून कक्षा किती वळते हे मोजले की ताऱ्याचा गाभा किती घट्ट आहे याचा अंदाज येतो. ताऱ्याच्या आत कोणी पाहू शकत नाही, पण त्याच्या सोबत्याच्या चालीवरून आतली रचना ताडता येते. पुढे टी. जी. काउलिंग आणि थिओडोर स्टर्न यांनी १९३०च्या दशकाअखेर या गणिताला पक्के रूप दिले.

आता मूळ गोष्टीकडे. १९५९ मध्ये डेन्मार्कचे मोगेन्स रुडक्योबिंग यांनी सुचवले की डीआय हर्क्युलिस ही सापेक्षतेच्या कसोटीसाठी उत्तम जोडी आहे. बहुतेक द्वैती ताऱ्यांत भरती आणि चपटेपणाचा वाटा इतका मोठा असतो की सापेक्षतेचा वाटा त्यात हरवून जातो. इथे तारे एकमेकांपासून पुरेसे लांब होते, आणि सापेक्षतेचा वाटा इतर दोघांच्या बेरजेहून मोठा निघणार होता. कसोटीची पद्धतही सरळ होती. कक्षा वळली की आठ आणि अडीच दिवसांच्या अंतरांत काही मिनिटांचा फरक पडत जातो. पिधानांच्या, म्हणजे ताऱ्यांनी एकमेकांना झाकण्याच्या, वेळा वर्षानुवर्षे काटेकोर नोंदवत राहायच्या, एवढेच काम. त्याला उपकरणांपेक्षा धीर जास्त लागतो.

१९८० मध्ये मॉस्कोचे दिमित्री मार्तिनोव आणि खालिउलिन यांनी निकाल मांडला, आणि तो अपेक्षेच्या जवळपासही नव्हता. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॅनियल पॉपर यांनी दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने आणि त्रिज्या बारकाईने मोजल्या, त्यामुळे सैद्धांतिक आकड्यात संशयाला फारशी जागा उरली नाही. मग १९८५ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या विलानोव्हा विद्यापीठातले एडवर्ड गिनन आणि फ्रँक मॅलोनी यांनी सगळा जमाखर्च एका लेखात मांडला. सापेक्षतेचे २.३४ अंश, भरती आणि चपटेपणाचे १.९३ अंश, एकूण शतकाला ४.२७ अंश. प्रत्यक्ष मोजलेले वळण शतकाला ०.६५ अंश.

आकडा किती बोचरा आहे हे बघा. भरती आणि चपटेपणा पूर्ण वगळले, तारे टणक गोळे मानले, तरी एकट्या सापेक्षतेचा हिस्सा मोजलेल्या आकड्याच्या साडेतीनपट येत होता. म्हणजे केवळ काहीतरी कमी पडत होते असे नव्हे; काहीतरी कक्षेला उलटे खेचत होते. विलानोव्हाच्या लेखाने शीर्षकातच सापेक्षतेशी दिसणाऱ्या विसंगतीचा उल्लेख केला. त्यांनी उतावीळपणा केला नाही, पण प्रश्न लपवलाही नाही. याचे मोल मला फार वाटते. आइन्स्टाइनशी न जुळणारा आकडा नीट तपासून, त्रुटीच्या मर्यादेसह, सर्वांसमोर ठेवायला धैर्य लागते.

मग घोडे कुठे पेंड खात होते? टोरोंटोचे जॉन मोफॅट यांनी १९८४ मध्येच आपल्या पर्यायी गुरुत्व सिद्धांताची कसोटी म्हणून ही जोडी पुढे केली होती. सापेक्षता चुकली, नवा सिद्धांत हवा, असे म्हणणाऱ्यांसाठी हा तारा म्हणजे आयता पुरावा होता. पण त्याच काळात आकाशातला दुसरा साक्षीदार नेमके उलट सांगत होता. १९७४ मध्ये रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना गरुड तारकासमूहात सापडलेल्या द्वैती पल्सारची कक्षा वर्षाला चार अंशांहून जास्त वळत होती, आणि तिथे सापेक्षतेचा हिशेब चोख बसत होता. गुरुत्वाचा नियम शौरीत एक आणि गरुडात दुसरा असा तर नसणार. १९८९ मध्ये एएस कॅमेलोपार्डालिस ही आणखी एक जोडी तशीच मागे पडताना दिसली आणि संभ्रम वाढला. कोणी न दिसणारा तिसरा तारा सुचवला, कोणी ताऱ्यांभोवतीचे पदार्थाचे ढग. प्रत्येक स्पष्टीकरणाला काही ना काही आडवे येत होते.

खरे उत्तर मात्र १९८५ मध्येच कागदावर आले होते. मॉस्कोचे निकोलाय शाकुरा यांनी (कृष्णविवरांभोवतीच्या चकत्यांच्या सिद्धांतातले शाकुरा तेच) एक शक्यता मांडली. ताऱ्यांचे फिरण्याचे अक्ष कक्षेच्या प्रतलाला काटकोनात नसून कललेले असतील तर? सरळ उभ्या अक्षाचा चपटा तारा कक्षेला पुढे ढकलतो. अक्ष कलत गेला की हा धक्का कमी होतो, एका कोनाशी शून्य होतो आणि त्यापलीकडे त्याची दिशाच उलटते. अक्ष पुरता आडवा झाला तर चपटेपणा कक्षेला मागे नेतो. १.९३ मधला फिरण्याचा मोठा वाटा बेरजेतून वजाबाकीत गेला, तर सापेक्षतेला धक्का न लावता हिशेब जुळू शकतो.

तरीही चोवीस वर्षे ही कल्पना कागदावरच राहिली. ती कोणी खोडून काढली असे नाही. दोन्ही ताऱ्यांचे अक्ष इतके आडवे असतील हे पटणे जड होते, आणि त्याचे कारण पुन्हा भरतीच होती.

चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी १८७९ पासून चंद्र आणि पृथ्वीच्या भरतीचा दूरवरचा परिणाम गणिताने मांडायला सुरुवात केली होती. भरतीचा फुगवटा ओढीच्या रेषेत नेमका बसत नाही, घर्षणामुळे थोडा पुढे-मागे राहतो. त्यामुळे फिरणे आणि कक्षा यांच्यात कोनीय संवेगाची देवघेव होते आणि ऊर्जा उष्णतेत जिरते. चंद्र आजही वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे तो या देवघेवीपायी. ताऱ्यांच्या जोडीत पुरेसा काळ गेला तर शेवट ठरलेला असतो. पीट हट यांनी १९८० मध्ये तो नेमका सिद्ध केला: कक्षा वर्तुळाकार, फिरण्याचा काळ परिक्रमेच्या काळाइतका, आणि दोघांचे अक्ष कक्षेला काटकोनात. जवळच्या जुन्या जोड्या मोजल्या तर त्यांच्या कक्षा खरोखरच गोल सापडतात, आणि लांबच्या जोड्या लांबट. आपल्याकडे लग्नात अरुंधतीसोबत दाखवला जाणारा वसिष्ठ घ्या. त्यातला तेजस्वी घटकही स्वतः एक जवळची जोडी आहे. साडेवीस दिवसांची तिची परिक्रमा अजून चांगलीच लांबट आहे. तिथे भरतीचा हात तेवढा पोहोचलेला नाही.

भरतीने सारे सरळ करायचे असते, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. शिवाय एका ढगातून जन्मलेले दोन तारे एकाच दिशेने फिरत असणार, असेही साहजिकच वाटायचे. म्हणून कक्षेच्या हिशेबात अक्ष काटकोनात धरले जात. ते कोणी मोजलेले नव्हते.

मोजायची रीत मात्र १९८५ मध्येच साठ वर्षे जुनी होती. १९२४ मध्ये मिशिगन विद्यापीठात रिचर्ड रॉसिटर यांनी बीटा लायरी या ताऱ्यात आणि डीन मॅकलॉफ्लिन यांनी अल्गोलमध्ये एक सूक्ष्म परिणाम दाखवून दिला होता. फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळसर सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबूस. दोन्ही मिळून वर्णपटातली रेषा रुंद होते. आता सोबती तारा समोरून जाऊ लागला. सरळ अक्षाच्या जोडीत तो आधी येणारी कड झाकतो. रेषेची निळी बाजू गायब होते आणि तारा उगीचच दूर जातोय असे भासते. थोड्या वेळाने जाणारी कड झाकली जाते आणि भास उलटतो. अक्ष कललेला असेल तर हा क्रम बिघडतो. म्हणजे पिधानाच्या त्या थोड्या तासांत वर्णपटाची रेषा कशी बदलते यावरून तारा कोणत्या अक्षाभोवती फिरतो ते वाचता येते.

डीआय हर्क्युलिससाठी हे सोपे नव्हते. तप्त ताऱ्यांच्या वर्णपटात कामाच्या रेषा थोड्या, त्याही फिरण्याने पसरट. शिवाय दोन्ही ताऱ्यांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या. पिधान सुरू असताना रात्र हवी, आभाळ मोकळे हवे, आणि साडेदहा दिवसांच्या चक्रात ही वेळ त्या ठिकाणच्या रात्रीत पडायला हवी.

लायडनमध्ये डॉक्टरेट करणारे सायमन आल्ब्रेख्ट, त्यांचे मार्गदर्शक इग्नास स्नेलेन, हायडेलबर्गच्या झाबीने रेफर्ट आणि एमआयटीचे जोशुआ विन यांनी हे काम हाती घेतले. आल्ब्रेख्ट यांनी आधी व्ही११४३ सिग्नी या जोडीवर रीत तावूनसुलाखून घेतली होती. तिचीही कक्षा लांबट, पण २००७ च्या निष्कर्षात तिचे अक्ष सरळ निघाले होते. आता दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हांस वेधशाळेत १.९३ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेला सोफी हा वर्णपटलेखक शौरीकडे वळला. ही दुर्बीण आधीच इतिहासात गेलेली होती. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना तिच्यातूनच सापडला.

वर्णपटांतल्या रेषांनी नेहमीचा क्रम पाळला नाही. येणारी कड आधी आणि जाणारी कड नंतर, हे ठरलेले नाटक तिथे घडलेच नाही. सोबती ताऱ्याची वाट विषुववृत्ताला समांतर नव्हती. ती जवळजवळ एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जात होती. एका ताऱ्याचा अक्ष आपल्याला दिसणाऱ्या प्रतलात ७२ अंशांनी कललेला निघाला, दुसऱ्याचा उलट बाजूला ८४ अंशांनी. दोघेही आडवे पडून फिरत होते, आणि तेही सेकंदाला १०० किलोमीटरहून अधिक वेगाने. सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर आहे, यावरून तिथल्या चपटेपणाची कल्पना यावी.

१७ सप्टेंबर २००९ च्या ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष छापून आला. अक्षांची खरी दिशा हिशेबात घातल्याबरोबर चपटेपणाचा परिणाम उलट्या चिन्हाने आला आणि कक्षेचे मंद वळण समजण्याजोगे झाले. पुढच्याच वर्षी अँटोनियो क्लारेट, गिलेर्मो टोरेस आणि मारेक वोल्फ यांनी पिधानांच्या नव्या नोंदी धरून हिशेब पुन्हा केला. मोजलेले वळण आता शतकाला सव्वा अंशाच्या आसपास येत होते आणि सिद्धांताशी चांगले जुळत होते. २.३४ अंशांचा सापेक्षतेचा वाटा जसाच्या तसा उभा होता. जुन्या हिशेबाप्रमाणे ही कक्षा सुमारे ८,४०० वर्षांत एक पूर्ण वळण घेणार होती. प्रत्यक्षात तिला ३०,००० वर्षांच्या घरात काळ लागतो.

एक शंका कोणाच्याही मनात येईल, आणि ती रास्त आहे. भरतीने या ताऱ्यांना सरळ का केले नाही? याचेही उत्तर आधीच तयार होते. १९७० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-पॉल झान यांनी दाखवले होते की भरतीची ऊर्जा किती लवकर जिरते हे ताऱ्याच्या बाहेरच्या थरांवर अवलंबून असते. सूर्यासारख्या ताऱ्यात बाहेरचा थर उकळत असतो. त्या खळबळीत भरतीला भरपूर घर्षण मिळते. डीआय हर्क्युलिससारख्या तप्त ताऱ्यांचे बाहेरचे थर शांत असतात. तिथे भरती येते आणि जाते, पण ऊर्जा फार थोडी जिरते. त्यात हे तारे अगदी तरुण, पन्नास लाख वर्षांच्या आसपासचे. साऱ्या आयुष्यात त्यांनी एकमेकांभोवती जवळजवळ सतरा कोटी फेऱ्या मारल्या असतील, आणि भरतीला तेवढ्या पुरल्या नाहीत. त्यांची कक्षा अजून लांबट होती यातच खरे तर खूण होती. जिथे कक्षा गोल झालेली नाही तिथे अक्ष मात्र सरळ झाले असतील, असे का धरावे? हा प्रश्न आधी ठामपणे विचारला गेला असता तर गुरुत्वाच्या नियमावर संशय घेणारे कितीतरी लेख लिहिले गेले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

या निष्कर्षानंतर आल्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्या एकामागून एक तपासायला घेतल्या. काही सरळ निघाल्या. दक्षिण आकाशातल्या सीव्ही व्हेलोरम या सात दिवसांच्या जोडीत कक्षा गोल झालेली आहे, एक अक्ष सरळ दिसतो आणि दुसरा अजून पन्नास अंशांहून जास्त कललेला आहे, असे त्यांना २०१४ मध्ये आढळले. भरतीचे काम असे अर्ध्यावर पकडता येते.

डीआय हर्क्युलिसचे अक्षही स्थिर नाहीत. सोबत्याची ओढ त्यांना हळूहळू फिरवते, त्यामुळे रेषांची रुंदी काही दशकांत बदलायला हवी. फिलिपोव्ह आणि राफिकोव्ह यांनी २०१३ मध्ये जुन्या-नव्या रुंदीवरून हा बदल ताडायचा प्रयत्न केला. त्यानंतर टेस या अवकाश दुर्बिणीने पिधानांचा प्रकाश अतिशय बारकाईने नोंदवला. चपट्या ताऱ्याचे ध्रुव विषुववृत्तापेक्षा तप्त आणि उजळ असतात, म्हणून सोबती आधी ध्रुव झाकतो की विषुववृत्त यावर मंदीचा आकार ठरतो. २०२२ मध्ये त्यावरून अक्षांचा खरा, तिन्ही मितींतला कल काढण्यात आला: एकाचा ७५ अंश, दुसऱ्याचा ८०.

आता प्रश्न उरतो तो त्यांच्या जन्माचा. ज्या ढगात हे तारे तयार झाले तिथल्या खळबळीनेच ते आडवे पडले, की कोण्या तिसऱ्या ताऱ्याने दूरवरून त्यांची कक्षा कलती केली? पहिले खरे असेल तर तरुण तप्त जोड्यांत असे आडवे तारे आणखी सापडायला हवेत. दुसरे खरे असेल तर तो तिसरा तारा पिधानांच्या वेळांत आपली चाहूल देईल. म्हणून या ताऱ्याच्या पिधानांच्या वेळा आजही नोंदवल्या जातात.